भूपेशची फेरी आणि मी

मित्रांनो, वीज गेली की ज्याची आठवण होते आणि वीज आली की ज्याला सगळे विसरतात, तो मी एक जुना इन्व्हर्टर आहे. सध्या माझा मुक्काम शहाद्याला, करमसिंगच्या दुकानामागच्या पत्र्याच्या पडवीत असतो. एका बाजूला जळालेल्या मोटारींची वेटोळी, दुसऱ्या बाजूला पंख्यांची वाकडी पाती, आणि मधे मी. माझी बॅटरी केव्हाच भंगारात गेली. बॅटरीवाचून इन्व्हर्टर म्हणजे नुसता डबा, हे मलाही ठाऊक आहे. पण डब्यालाही आठवणी असतात. त्यातली एक मला कोणाला तरी सांगितल्यावाचून चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मी किती ट्रकांतून धक्के खात आलो, ते सांगत बसत नाही. ते सगळ्याच यंत्रांचं सारखं असतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कळसाडीला, दोधूआबांच्या घरी. शहादा तालुक्यातलं हे कापसाचं नि उसाचं गाव. दोधूआबांचं घर खाऊन-पिऊन सुखी. घरात तीनच माणसं. स्वतः आबा, त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई आणि मुलगा भूपेश.

मला विकत आणलं ते हौसेसाठी नव्हे. प्रमिलाबाईंना दमा होता. औषधाची वाफ देणारं एक छोटं मशीन डॉक्टरांनी त्यांना दिलं होतं. नाकातोंडावर प्लास्टिकची वाटी धरायची, बटन दाबायचं, की वाफ छातीत उतरते आणि अडलेला श्वास मोकळा होतो. पण मशीन चालतं विजेवर, आणि कळसाडीची वीज लहरी. म्हणून आबांनी मला आणलं. मला बसवायला करमसिंग आला. हा मूळचा मोलगीकडच्या डोंगरातला, शहाद्यात वायरिंगचं काम शिकून स्वतःचं दुकान टाकलेला माणूस. त्याने प्रमिलाबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेजवळच्या कोपऱ्यात माझी जागा केली आणि आबांना बजावून सांगितलं, की एक दिवा, एक पंखा आणि मावशींचं मशीन, याच्यावर एवढंच चालवायचं. आबांनी नारळ फोडला. प्रमिलाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. तेव्हा माझी छाती, म्हणजे माझा पत्रा, अभिमानाने फुगली होती.

त्यानंतरची काही वर्षं माझी मोठी थाटाची गेली. वीज गेली की मी डोळ्याचं पातं लवायच्या आत काम हातात घ्यायचो. प्रमिलाबाई वाफ घेत बसायच्या आणि मी कोपऱ्यात गुणगुणत राहायचो. पाहुणे आले की आबा माझ्याकडे बोट दाखवून माझं कौतुक करायचे. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. आणि माझी खरी काळजी घेणारा होता भूपेश. बॅटरीचं पाणी कमी झालं की तोच बाटलीतून थेंब थेंब पाणी घालायचा, माझ्यावरची धूळ पुसायचा. हळव्या मनाचा मुलगा होता तो. शेतातला मोटारपंप बंद केला, की अर्ध्या वाटेवरून परत जाऊन तो खरंच बंद आहे ना ते पाहून यायचा. घरचे त्याला हसायचे. मीही हसायचो.

भूपेश शहाद्याच्या कॉलेजात शिकून घरी आला आणि नोकरीची वाट पाहू लागला. अभ्यासासाठी त्याने कॉम्प्युटर घेतला. तो त्याने शेजारच्या, स्वतःच्या खोलीत ठेवला. अभ्यास झाला की तो एक खेळ खेळायचा. त्या खेळात म्हणे एक मोठं नगर आहे. देशोदेशीची माणसं घरबसल्या त्या नगरात शिरतात. कोणी लढवय्या होतो, कोणी वैद्य, कोणी व्यापारी, आणि जो तो आपलं पात्र रोज थोडं थोडं मोठं करत नेतो. भूपेश झाला होता नगराचा पहारेकरी. सुरुवातीला त्याच्या खोलीतून हसणं ऐकू यायचं. कानाला यंत्र लावून तो कुठल्या कुठल्या माणसांशी गप्पा मारायचा. बेकारीचे दिवस कोणालाही जड जातात. त्याचे थोडे हलके झाले तर बिघडलं काय, असं मला वाटायचं.

मग एके दिवशी दुपारी तो पहारेकऱ्याची फेरी मारत असताना प्रमिलाबाईंना जोराचा दमा लागला. फेरी अर्धी टाकून तो उठला. त्या खेपेला प्रमिलाबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण भूपेशच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. फेरी अर्धी राहिली आणि आईचा श्वास अडला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण भूपेशच्या मनाला ते पटेना.

त्यानंतर मित्रांनो, तो खेळ खेळ राहिला नाही. नगराच्या तटावरून पूर्ण फेरी मारायची. वाटेतला प्रत्येक दिवा पेटलेला आहे का पाहायचा. मग आपल्या पात्राची पेटी उघडून तलवारी एका ओळीत, औषधं एका ओळीत, फळं एका ओळीत लावायची. मधे कोणी हाक मारली, कुत्रं भुंकलं, किंवा मनात एखादा वाईट विचार आला, तर सगळं पहिल्यापासून. भिंतीपलीकडून मला त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं, "मायले काही नको व्हवाले." आणि कधी कधी, आणखी हळू, "हाई येडपन शे." हा वेडेपणा आहे, हे त्यालाही कळत होतं, बघा. कळत होतं आणि तरी सुटत नव्हतं, याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा. बाकीचे खेळाडू लढायांवर जायचे, लूट वाटून घ्यायचे, थट्टामस्करी करायचे. हा एकटाच तटावर फिरत राहायचा. त्याचं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

घरच्यांना एवढंच दिसायचं, की पोरगा खोलीतून बाहेर येत नाही. ताटातलं अन्न निवून जातं, मित्र दारातून परत जातात, नोकरीचे अर्ज पडून राहतात. आबा चिडायचे, शिव्या द्यायचे. भूपेश मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि त्यामुळे मोडलेली फेरी पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटी आबांनी शेतकऱ्याचा उपाय काढला. मोटार ऐकत नसेल तर तिची वीज तोडायची. शेतात जाताना ते मीटरखालचा पांढरा फ्यूज उपटायचे, बंडीच्या खिशात टाकायचे आणि निर्धास्त निघून जायचे. दिवा, पंखा आणि मशीन यांसाठी इन्व्हर्टर आहेच, कॉम्प्युटर मात्र बंद, असा त्यांचा हिशोब. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, तशातली गत.

कारण भूपेशने दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या झरोक्यातून एक वायर ओढून कॉम्प्युटर केव्हाच माझ्यावर जोडला होता.

ती वायर प्रमिलाबाईंच्या डोक्यावरूनच गेली होती. त्यांना ती रोज दिसायची. त्या आबांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. पोरगा दारू पीत नाही, कुठे भटकत नाही, डोळ्यांसमोर आहे, एवढ्यावर त्या समाधान मानायच्या. बापलेकांत आणखी भांडण नको, म्हणून त्यांनी वायरीवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. मी मात्र कामाने पिचत चाललो होतो. दिवा, पंखा आणि मशीन यांसाठी घडवलेला मी, आता रोज तो भला मोठा कॉम्प्युटर ओढत होतो. बॅटरीचं पाणी आटत आलं होतं. भूपेशला त्याची आठवण उरली नव्हती.

चार्ज संपत आला की ओरडून सांगायचं, एवढी एकच भाषा मला येते. मी ओरडायचो. पण माझ्या ओरडण्याने भूपेशची फेरी मोडायची. एके दिवशी तो माझ्यासमोर बसला, माझं झाकण उघडलं आणि माझ्या भोंग्याची तार कापून टाकली. त्याने ते रागाने केलं नाही. झाकण लावल्यावर त्याने माझ्यावरून हात फिरवला, मला अजून आठवतं. पण त्या दिवसापासून मी मुका झालो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो काय असतो ते मला तेव्हा कळलं.

आणि मग तो दिवस आला. थंडीचे दिवस होते. कळसाडीत बहुतेक घरी करतात तसं आबांनीही भाव वाढण्याची वाट पाहत वेचलेला कापूस घरातच साठवला होता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. त्या सकाळी आबांनी ढिगावर चढून कापूस खालीवर केला. बारीक तंतू घरभर उडत राहिले. मग नेहमीसारखा फ्यूज उपटून, खिशात घालून ते ऊसतोडीवर देखरेख करायला शेतात गेले. भूपेशने फेरी सुरू केली. त्या दिवशी ती काही केल्या त्याच्या मनासारखी होत नव्हती. दुपार झाली तरी तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता, आणि माझ्यातला जीव उतरत होता.

प्रमिलाबाई खोकू लागल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे मशीन जवळ ओढलं, वाटी तोंडावर धरली, बटन दाबलं. थोडीशी वाफ आली. आणि मी संपलो. या खोलीतलं मशीन आणि त्या खोलीतला पडदा एकाच वेळी बंद पडले.

भूपेश धावत बाहेर आला. आईने खाटेची कड घट्ट धरली होती, खांदे वरखाली होत होते. तो जागच्या जागी थिजला.

"माय, मन्ही फेरी आर्धीच ऱ्हायनी," तो म्हणाला.

प्रमिलाबाईंना बोलवत नव्हतं. त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. त्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. फ्यूजची जागा रिकामी होती. शेजारच्या फुलवंताबाईंकडे वीज होती, हाकेच्या अंतरावर. ते वाफेचं मशीन एका हातात सहज मावतं, मित्रांनो. भूपेश वळला, आपल्या खोलीत गेला, कॉम्प्युटरचा डबा, पडदा आणि कीबोर्ड सगळं छातीशी धरलं आणि फुलवंताबाईंच्या घराकडे पळत सुटला.

पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. फुलवंताबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. घामाघूम झालेला भूपेश आत शिरून भिंतीवरचा बोर्ड शोधू लागला. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काकी, मायले दम लागना. माले फेरी पुरी करू दे, मंग ती बरी व्हई." फुलवंताबाईंना त्यातलं पहिलं वाक्य तेवढं समजलं. सूप तिथेच टाकून त्या धावल्या. प्रमिलाबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते. फुलवंताबाईंनी आरडाओरडा करून माणसं जमवली, घरची पिकअप काढायला लावली आणि त्यांना शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. त्या वेळी भूपेश फुलवंताबाईंच्या ओसरीवर मोबाईलचं नेट जोडून, डोळ्यांतून पाणी गाळत, तटावरून फिरत होता. दारात जमलेल्या लोकांनी ते पाहिलं.

प्रमिलाबाई वाचल्या. पण पहिल्यासारख्या नाही. त्यानंतर त्यांना खाटेवरून उठायलाही आधार लागायचा, आणि दोन वाक्यं बोलल्या की थांबावं लागायचं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मरत्या आईला टाकून पोरगा खेळायला पळाला, असं पारावर बोललं जाऊ लागलं.

प्रमिलाबाईंना घरी आणलं, त्याच दिवशी आबांनी कॉम्प्युटरचा डबा त्यांच्याच खोलीत आणून जमिनीवर आदळला आणि कुऱ्हाड घेतली.

"तुन्ही माय मरी ऱ्हायनी व्हती, नि तू खेळी ऱ्हायना व्हता," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

भूपेश डब्यावर आडवा पडला. "मी खेळी नही ऱ्हायना व्हतू, आबा. मी तिले वाचाडी ऱ्हायना व्हतू."

मग तो बोलला. मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून जे ऐकत होतो, ते सगळं. पहिल्या खेपेची अर्धी राहिलेली फेरी, दिवे, पेटी, ओळी. या वेळी आई वाचली ती फेरी पूर्ण केली म्हणून, असंही तो म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "माले बी समजस, हाई येडपन शे. पन माले थांबताच येत नही."

आबांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि ते खाली बसले. बसताना खिशातलं काहीतरी त्यांना टोचलं असावं. त्यांनी हात घालून तो पांढरा फ्यूज बाहेर काढला. दवाखान्यातले सगळे दिवस तो तसाच खिशात राहिला होता.

"मी वावरमा, नि फ्यूज मन्हा खिसामा," ते म्हणाले. मुलाकडे पाहून नाही, फ्यूजकडे पाहून.

मला वाटलं, आता तरी मार्ग निघेल. पण समजूत एक आणि सवय दुसरी. आबांनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विकून टाकला. रोगाचं मूळच उपटलं, असं त्यांनी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या भावाला फोनवर सांगितलं. विकलेल्या डब्याची मला दया आली. चोर सोडून संन्याशाला फाशी. कारण खोली रिकामी झाली तरी भूपेशच्या डोक्यातली फेरी कोणी नेली नव्हती. ती आता घरात सुरू झाली. तो आईच्या खाटेभोवती फिरू लागला. मशीनचं बटन चालू करून, बंद करून बघू लागला. आणि दाराची कडी. ती लावायची, काढायची, पुन्हा लावायची, बोटांची कातडी सोलून निघेपर्यंत. कॉम्प्युटरच्या पडद्याआड जे कोणाला दिसत नव्हतं, ते आता उघड्यावर आलं.

काही दिवसांनी करमसिंग नवा इन्व्हर्टर घेऊन आला. त्याने माझं झाकण उघडलं. आटलेली बॅटरी पाहिली, कापलेली तार पाहिली, झरोक्यातली वायर पाहिली, आणि कोणाला दोष न देता ती वायर गुंडाळून ठेवली. नव्याची जोडणी झाली. मग त्याने मला दोन्ही हातांत उचललं आणि तो निघाला. दारात भूपेश होता. तो कडी लावत होता.

त्याने ती काढली. करमसिंग एक पाऊल पुढे आला. त्याने पुन्हा लावली. करमसिंग थांबला. मी काही हलका नाही, पण तो माणूस घाई न करता तसाच उभा राहिला. आबा काही बोलायला निघाले होते. एवढ्यात मागे खाट करकरली.

प्रमिलाबाई उठल्या होत्या. कोणाचा आधार न घेता, भिंतीला धरून, मधे मधे थांबत त्या दारापर्यंत आल्या. श्वासाचा घरघर आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्यांनी भूपेशच्या सोललेल्या बोटांवर आपला हात ठेवला.

"आज उघाडं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"तुले काही व्हयनं ते, मंग?"

त्या थांबल्या. श्वास घेतला. "व्हवानं व्हई ते व्हई. तुन्ही कडीमुये नही. मन्हा श्वास मन्हा शे, भूपा. तू त्यानं वझं नको उचलू."

भूपेश लहान मुलासारखा हुंदके देत होता. पण त्याने कडीवरचा हात काढला. दार उघडं राहिलं आणि करमसिंग मला घेऊन बाहेर पडला. त्याने मला आपल्या पिकअपमध्ये ठेवेपर्यंत मी त्या दाराकडे पाहत होतो. मायलेक उंबऱ्यात बसले होते, आणि आबा त्यांच्यामागे उभे होते.

मित्रांनो, माझी काळजी कशी घ्यायची ते माझ्यासोबतच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. पाणी घाला, जास्त भार टाकू नका, भोंगा वाजला की लक्ष द्या. माणसाबरोबर अशी पुस्तिका येत नाही. म्हणून तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करताना दिसला, खेळात असो की खेळाबाहेर, तर त्याला हसू नका, आणि त्याची वीजही तोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा, की तुला कशाची भीती वाटते. आणि असं काही तुमच्याच मनात चाललं असेल, तर लाजू नका. कोणाला तरी सांगा. भूपेशला कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही, आणि त्याची किंमत प्रमिलाबाईंनी मोजली.

करमसिंग अधूनमधून कळसाडीला जातो आणि आल्यावर दुकानात बोलतो, तेव्हा मला थोडंफार कळतं. आबा आता भूपेशला नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांकडे नेतात. औषध चालू आहे. कधी फरक वाटतो, कधी वाटत नाही. बस पकडायला निघालेला भूपेश बऱ्याचदा अर्ध्या वाटेवरून घरी परत येतो, आई श्वास घेते आहे ना ते पाहायला. आबा बाहेर रस्त्यावर थांबून राहतात. ते आता त्याला हाक मारत नाहीत. आणि प्रमिलाबाई खाटेवरून, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात, त्याला सांगतात, "मी शे. जाय तू."